शादीचा जोडा

मुलामुलींनो, मराठीत ‘जोडा’ म्हटले की पायांतला जोडा आठवतो, नाहीतर नवरा-बायकोचा जोडा. आपल्या घरात मात्र ‘शादीचा जोडा’ म्हणजे नवरीचा पोशाख. हा जोडा हल्ली फार जड झाला आहे. कोल्हापुरात पुष्कळ लग्ने एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्या उकाड्यात जरी आणि टिकल्यांनी भरलेला शरारा घालून नवरी तीन-चार तास घाम पुसत बसते. दुसऱ्या दिवशी तो पेटीत जातो, बहुधा कायमचा!

आणि पैसा? कोणी उसने घेते, कोणी भिशी आधी उचलते. मुलाकडून आलेला जोडा भारी असला, की मुलीकडच्यांना नवरदेवाचा सूटही तितकाच भारी घ्यावासा वाटतो. ही चढाओढ दोन घरांची असते. ज्या मुलीने तो जोडा घालायचा, तिला पुष्कळदा कोणी विचारतही नाही.

आता निकाह आठवा. मेहर ठरते, साक्षीदार लागतात आणि नवरीची संमती विचारली जाते. तिच्या होकाराशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम आहे. भारी पोशाखाची अट मात्र कोठेच नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीत जिचा शब्द लागतो, तिला ओढणीचा रंगसुद्धा विचारू नये, हे मला विचित्र वाटते.

मराठीतले लाडके लेखक पु. ल. देशपांडे तुम्हांला ठाऊक असतील. त्यांचे आणि सुनीताबाईंचे लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीताबाईंच्या माहेरी नोंदणी पद्धतीने झाले. सुनीताबाई रोजच्या वापरातली खादीची पांढरी साडी नेसल्या होत्या, तर पु. लं.च्या अंगावर घरातलेच साधे कपडे होते. हिंदू घरांत नवरी सहसा पांढरी साडी नेसत नाही, हे लक्षात घ्या, म्हणजे त्यांचे धैर्य कळेल. खर्च झाला तो छापील फॉर्मचा, आठ आणे! सुनीताबाईंनी ही हकीकत ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात सांगितली आहे. साडी साधी होती म्हणून त्यांच्या संसाराला काही उणे आले नाही.

आई म्हणेल, “लग्न एकदाच होते. हौस नको का?” आईचे म्हणणे खोटे नाही. तिने मुलीसाठी वर्षानुवर्षे पैसे साठवलेले असतात आणि चार लोकांत मान खाली जाऊ नये, असे तिला वाटते. म्हणून मी खादीच नेसा असे म्हणत नाही. लाल रंग असू द्या, काठाला थोडी जरी असू द्या. पण तो जोडा पुढे ईदला, मावसबहिणीच्या लग्नात पुन्हा घालता आला पाहिजे. मुलांनाही हेच लागू आहे. एका दिवसाच्या शेरवानीपेक्षा चांगला कुर्ता-पायजमा पुष्कळ दिवस उपयोगी पडतो. उरलेल्या पैशांत बहिणीची कॉलेजची फी भरता येईल.

तुमच्या घरी ताईचे लग्न ठरले, तर कापड घ्यायला जाताना तिलाही बरोबर न्या, असा हट्ट तुम्ही धरा. तिने दुकानात ओढणी डोक्यावर घेऊन पाहावी, चार पावले चालावे, खाली बसून पाहावे. नीट बसता आले नाही, तर किंमत विचारण्याआधीच तो जोडा दुकानदाराला परत द्यावा.