बारा दिवसांत सतरा ठिकाणं

काल दादाची मेल आली. सोबत एक्सेल शीट. पुढच्या नोव्हेंबरात तो, वहिनी, दोन्ही मुलं आणि आई असे सगळे इकडे न्यूझीलंडला येताहेत. पुन्हा एकदा कँपरव्हॅन घेऊन साउथ आयलंड फिरायचंय. शीटमध्ये डावीकडे तारखा, उजवीकडे ठिकाणं, मधे किलोमीटर. बारा दिवस, सतरा ठिकाणं. तळाला पिवळ्या रंगात एक ओळ: "काही राहून गेलं असेल तर सांग."

राहून गेलंय रे दादा. पण फोनवर सांगायला गेले तर आपलं भांडण होईल, म्हणून इथे लिहितेय. तू ब्लॉग वाचतोस हे मला माहितीये (कॉमेंट टाकत नाहीस ती गोष्ट वेगळी!). बाकीच्यांनी घरगुती मामला म्हणून सोडून देऊ नका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या शीट्स मी पाहिल्यात आणि त्या सगळ्या सारख्याच असतात. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, वानाका, हास्ट, दोन हिमनद्या, होकिटिका, पुनाकाइकीचे खडक आणि आर्थर्स पासवरून परत. 'कँपरव्हॅनने पाहावीत अशी नितांतसुंदर ठिकाणं' छापाच्या ज्या याद्या असतात, त्यातून उचललेल्या. त्या याद्यांमध्ये निळं तळं असतं, रिकामा रस्ता असतो, व्हॅनच्या मागच्या दारात पाय सोडून बसलेलं जोडपं असतं. त्या जोडप्याला तिथे बसायला वेळ कुठून मिळाला ते मात्र कोणी लिहीत नाही. संडासाची टाकी कुठे रिकामी केली तेही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कँपरव्हॅन ही ठिकाणं बघायची गाडी नाहीच. ते घर आहे. हळू चालणारं, वाऱ्यात हलणारं, सहा जणांचं घर. ते जिथे उभं राहतं तिथे आपण राहतो, एवढाच त्याचा फायदा. ज्यांना रोज नवं गाव हवंय त्यांनी सरळ मोटार घ्यावी, मोटेलात राहावं. लवकर पोचाल, पाठ दुखणार नाही, आणि सगळा हिशोब मांडलात तर खर्चातही फार फरक पडत नाही. व्हॅन घ्यायची आणि तिला टूरच्या बससारखी पळवायची, हे म्हणजे स्वयंपाकघर भाड्याने घेऊन रोज हॉटेलात जेवण्यासारखं आहे.

आता कबुली. २०१८ सालची शीट माझीच होती.

तेव्हा आई-बाबा पहिल्यांदा आले होते. दादा, वहिनी, मी आणि नवरा मिळून सहा माणसं, सहा बर्थची व्हॅन. मी अगदी अभिमानाने आठ दिवसांत दोन हजार किलोमीटर बसवले होते. नकाशा सांगतो 'चार तास'. ते चार तास मोटारीचे असतात, हे तेव्हा मला सुचलं नव्हतं. साडेतीन टनांच्या वरच्या गाडीला इथे मोकळ्या रस्त्यावरही ताशी ९० चीच मर्यादा. त्यात घाट, त्यात एकेरी पूल. मागे लागलेली रांग दिसली की बाजूला घेऊन लोकांना पुढे जाऊ द्यायचं (हे न करणारे पाहुणे इथल्या लोकांच्या किती शिव्या खातात ते विचारू नका). सकाळी निघताना गॅस बंद करा, कपाटं अडकवा, वायर काढा, गाद्या उचला, पाणी भरा, पाऊण तास गेला. संध्याकाळी तेच उलट. आई मला म्हणाली होती, "अगं, हे तर त्या टूरवाल्यांचं सहा-सात-आठ झालं. फक्त उठवायला तू आहेस."

मिलफर्डचा दिवस मी विसरू शकत नाही. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंडला रस्त्याने जाताना साधारण २९० किलोमीटर पडतात. तेवढेच परत. आम्ही ते एका दिवसात केलं. अख्खी दुनिया करते की! दुपारी बोटीवर इतर सगळ्या बसवाल्यांबरोबर रांगेत उभे राहिलो, बोटीत बसलो, उतरलो, निघालो. येताना टे आनाऊ सोडल्यावर मॉसबर्नकडे जो सरळ रस्ता आहे, दोन्हीकडे मेंढ्या आणि कुरणं, तिथे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दादाचा डोळा लागला. चाकं कडेच्या खडीवर गेली. बाबा ओरडले. भांडी खाली आली. बस, एवढंच. कोणाला काही झालं नाही. दादा दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. पुढे मी चालवलं आणि कोणी काही बोललं नाही. आपण त्या विषयावर आजतागायत बोललेलो नाही, दादा. तुझ्या नव्या शीटमध्ये पाचव्या दिवशी पुन्हा 'क्वीन्सटाउन-मिलफर्ड-क्वीन्सटाउन' आहे. चूक तुझ्या झोपेची नव्हती. माझ्या त्या रकान्याची होती.

आणि गंमत म्हणजे व्हॅन घेणाऱ्याला मिलफर्ड असं करायची गरजच नसते! टे आनाऊपासून मिलफर्डपर्यंत जेमतेम १२० किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्यावर वाटेल तिथे मुक्काम करता येत नाही, पण डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनची (इथे सगळे नुसतं 'डॉक' म्हणतात) साधी कॅम्पसाइट्स आहेत, एग्लिंटनच्या खोऱ्यात. तिथे रात्री राहा. सकाळी बसगाड्या क्वीन्सटाउनहून पोचायच्या आत तुम्ही होमर बोगद्यातून पलीकडे उतरलेले असता. हा बोगदा १९३५ साली खणायला घेतला आणि १९५४ मध्ये खुला झाला. आत उतार आहे, दगड तसाच ओबडधोबड, वरून पाणी ठिबकतं. बाहेर केआ पोपट गाड्यांच्या खिडक्यांची रबरं उपटायला टपलेले असतात. त्यांच्यासाठी अर्धा तास ठेवावा.

"पण पाऊस असला तर?" हे हमखास विचारतात. अहो, मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो असणारच. आणि असावाच. कोरड्या दिवशी तिथे बारमाही धबधबे मोजकेच. पाऊस लागला की कड्यांवरून शेकडो पांढऱ्या रेघा उतरतात आणि पाऊस थांबला की काही तासांत पुसल्या जातात. आपल्याकडे जुलैत ताम्हिणीत जाणारा माणूस इथे येऊन मात्र ऊन मागतो, हे मला कधी कळलेलं नाही. दोन रात्री हाताशी असल्या तर पाऊसही मिळतो आणि ऊनही. एका दुपारच्या भरवशावर गेलात तर जे मिळेल त्यावर कुरकुरत परत यायचं.

पण माझा खरा राग मिलफर्डवरून नाहीच. पुकाकीवरून आहे.

२०१८ मध्येच, दुसऱ्या दिवशी, आम्ही पुकाकी तळ्याच्या दक्षिण टोकाला थांबलो होतो. शीटवर तिथे वीस मिनिटं लिहिलेली. तळं त्या दुधाळ निळ्या रंगाचं (हिमनद्या खडक दळतात, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून तो रंग) आणि पलीकडे जिथे आओराकी, म्हणजे माउंट कुक, दिसायला हवा तिथे ढग. ३७२४ मीटरचा डोंगर आणि दिसत काहीच नव्हतं. बाबांनी घडीची खुर्ची काढली, पाण्याकडे तोंड करून मांडली, चहा मागितला. म्हणाले, "थांबू या ना जरा. येईल बाहेर." मी घड्याळ दाखवलं. पुढे लिंडिस पास होता, क्वीन्सटाउनचं बुकिंग होतं. बाबा काही न बोलता उठले आणि खुर्चीची घडी घातली. ती घडी घालताना त्यांना वेळ लागला तर मी हातातून घेऊन पटकन आत टाकली.

बाबा २०२१ मध्ये गेले.

२०२३ च्या मार्चमध्ये आई एकटीच आली. या वेळी आम्ही दोघींनी दोन बर्थची छोटी व्हॅन घेतली आणि तळ्याच्या पश्चिम काठाने माउंट कुककडे जाणाऱ्या ८० नंबरच्या हायवेवर एका कॅम्पग्राउंडवर चार रात्री राहिलो. शीट नव्हती. पहिले दोन दिवस ढग. आईने थालीपीठं लावली, शेजारच्या व्हॅनमधल्या जर्मन आजीबाईंना खाऊ घातली, भाषा येत नसताना दोघींनी गुडघेदुखीवर तासभर गप्पा मारल्या. हूकर व्हॅलीच्या वाटेवर ती पहिल्या झुलत्या पुलापर्यंत चालली, तिथूनच परत फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हलवून उठवलं. बाहेर थंडी मी म्हणत होती. डोंगर समोर होता. अख्खा, तळापासून टोकापर्यंत, टोकावर नुकतं गुलाबी ऊन. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यांना एक दिवस मिळायला हवा होता."

मला माहितीये यावर काय उत्तर येणार आहे. "एवढं तिकीट काढून येतो, रजा मोजक्या, पुन्हा कोण येणार? मग सगळं नको बघायला?" हे मला पटत नाही असं नाही. तेरा-चौदा हजार किलोमीटर उडून यायचं आणि गावी गेल्यावर "वानाकाचं झाड नाही पाहिलं?" हे ऐकायचं, जड जातं. (ते पाण्यातलं झाड! लोक त्याच्या फोटोसाठी काठावर गर्दी करतात. २०२० मध्ये कोणीतरी त्याच्या फांद्या करवतीने कापल्या. बिचारं अजून उभं आहे.) पण 'पुन्हा कोण येणार' हेच तर थांबायचं कारण आहे ना? अष्टविनायक दोन दिवसांत उरकता येतात, कारण गणपती जागेवर असतो. डोंगर नसतो. त्याची वाट बघावी लागते.

दुसरं उत्तर, "आम्ही पैसे मोजतो, इथल्यांचं काय जातं?" परदेशी पाहुण्यांवरचा कर २०१९ मध्ये ३५ डॉलर होता, ऑक्टोबर २०२४ पासून १०० झाला, तो तुम्ही भरताच. पण रोज पळणारी व्हॅन रोज कुठेतरी उशिरा पोचते, कॅम्पसाइट भरलेली असते, मग रस्त्याकडेला दिसेल तिथे लावली जाते, आणि सकाळी घाईत सिंकचं पाणी तिथेच सोडलं जातं. याला कंटाळूनच इथे आधी २०११ चा फ्रीडम कँपिंगचा कायदा आला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. आता फुकटच्या जागी गाडीत झोपायचं तर बहुतेक ठिकाणी संडास गाडीत पक्का बसवलेला असावा लागतो. नियम ठीकच आहे. पण टाकी बसवून भागत नाही, ती डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायला शीटमध्ये अर्धा तासही लागतो. दादाच्या शीटमध्ये तो नाही. २०१८ मध्ये माझ्याही नव्हता, आणि ते काम शेवटी नवऱ्याने रात्री दहाला बॅटरीच्या उजेडात केलं होतं :)

तर दादा, शीट मी परत पाठवतेय. पश्चिम किनारा पूर्ण काढलाय. फॉक्सच्या उत्तर बाजूचा हिमनदीकडे जाणारा रस्ता २०१९ च्या दरडीत गेला, आणि फ्रान्झ जोसेफ इतकी मागे सरकलीये की लांबूनच बघावी लागते. पुकाकीला चार रात्री, मिलफर्डच्या रस्त्यावर तीन, टे आनाऊला एक, टेकापोला दोन. तिथलं आकाश बघायला मुलांना जागं ठेवायचं. उरलेल्या दिवसांचे रकाने कोरे ठेवलेत, ते भरू नकोस. वहिनींना क्वीन्सटाउनला खरेदी करायचीये हे लक्षात आहे, मिलफर्डला जाताना एक दुपार देऊ.

गाडी मी अजून बुक केलेली नाही. तुझं उत्तर आल्यावर करीन. आईचा मात्र कालच फोन आला होता. खुर्ची हात असलेली बघ म्हणाली, मागच्या वेळच्या खुर्चीतून तिला उठता येत नव्हतं.