चोर सोडून संन्याशाला सुळीं

गेल्या सत्राच्या अखेरीस, आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथील कचेरींत एक प्रसंग घडला. प्रसंग लहान, परंतु त्यांत एका मोठ्या अन्यायाचें बीज आम्हांस दिसतें, म्हणून आरंभीं तोच सांगतों. विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासून पुढें पाठविण्याचा तो शेवटचा दिवस. हें काम ज्या लिपिकाकडे होतें, त्याच्या पासवर्डाची ४५ दिवसांची मुदत नेमकी त्याच दिवशीं संपली. नवा पासवर्ड नोंदवून कामास लागावें, तों घाईंत तो तीन वेळां चुकला आणि यंत्रानें त्यास दाराबाहेर काढिलें. हें दार पुन्हां उघडण्याचा अधिकार साऱ्या संस्थेंत एकाच इसमास. आणि ते गृहस्थ रजेवर! तेव्हां शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनीं आपला पासवर्ड त्यास सांगितला, आणि रात्रीं नऊपर्यंत बसून दोघांनीं एकूण एक अर्ज पुढें पाठविला. ज्या मुलांची वर्षाची फी त्या अर्जांवर अवलंबून होती, त्यांस यांतलें कांहींही ठाऊक नाहीं. चार दिवसांनीं बाईंच्या हातीं नोटीस पडली: पासवर्ड दुसऱ्यास सांगून संस्थेची सुरक्षितता धोक्यांत आणल्याबद्दल आपणांवर कारवाई कां करूं नये, याचीं कारणें दाखवावीं!

बाईंनीं नियम मोडला, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, जो नियम पाळला असतां कामाचा नाश होतो आणि मोडला असतां काम करणाऱ्याचा नाश होतो, त्यास नियम म्हणावें कीं सांपळा म्हणावें?

आमच्या वाचकांपैकीं जे बँकांत, इस्पितळांत, शाळांत किंवा खासगी कंपन्यांत नोकरी करितात, त्यांस असल्या सांपळ्यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मासला म्हणून आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. आम्हांस दिलेल्या संगणकावर मराठी लिहिण्याची सोय चालू करावयाची होती. देवनागरीस युनिकोडांत १९९१ सालींच स्थान मिळालें असून, मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज-प्रणालींत तयारच असतो. तो केवळ निवडावयाचा. परंतु निवडीचें तें पानच आम्हांस बंद! आम्हीं रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें, आणि त्यांत 'कामासाठीं याची आवश्यकता काय?' अशी विचारणा होती. मराठी मुलखांत मराठी मुलांस शिकविणाऱ्या माणसानें मराठी लिहिण्याची आवश्यकता सिद्ध करावी, यापरतें नवल कोणतें? पुढें १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे जुने अंक वर्गांत दाखवावे असें मनांत आलें. पण ज्या संग्रहांत ते पाहावयास मिळतात तो 'फायलींची देवघेव' या सदराखालीं निषिद्ध ठरलेला. पेनड्राइव्ह लावण्याची सोय तर कधींच बंद झालेली, त्यामुळें खेड्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध समोर असून उघडतां येईना.

मग आम्हीं काय केलें? सगळे करितात तेंच. तो प्रबंध खासगी मोबाइलवर पाठवावयास सांगितलें. अध्यापकांच्या खोलींत कोणीं डोकावून पाहिलें तर दिसेल कीं, प्रश्नपत्रिकांचे मसुदे खासगी ई-मेलवर फिरत आहेत, गुणांच्या याद्या व्हॉट्सॲपवर चालल्या आहेत, आणि महिन्या-दीड महिन्यास बदलणारे पासवर्ड कीबोर्डाच्या पाठीस चिकटविलेल्या चिठ्ठीवर सुखानें नांदत आहेत. पुढचा दरवाजा इतका घट्ट लाविला कीं, घरच्या माणसांनींच मागची भिंत फोडून जाण्यायेण्याची वाट केली. आणि भिंतीस पडलेलें भगदाड घरच्यांस जितकें उपयोगी, तितकेंच चोरासही उपयोगी.

यावर कोणी म्हणेल कीं, 'प्रोफेसरमहाराज, आपली गैरसोय खरी. पण धोका कांहीं खोटा नाहीं.' खोटा नाहींच. २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २०१७ च्या जूनमध्यें 'नॉटपेट्या' नांवाच्या घातक प्रोग्रामानें जगभर थैमान घातलें, तेव्हां मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें कामकाज ठप्प झालें. परंतु हा 'नॉटपेट्या' आला कोठून? कोणा लिपिकाच्या पेनड्राइव्हांतून नव्हे. युक्रेनमधील हिशेब व करभरणा यांसाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामाच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो अगदीं राजमार्गानें आला. त्याच वर्षीं मे महिन्यांत 'वॉनाक्राय'नें ब्रिटनचीं सरकारी इस्पितळें हैराण केलीं. त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच प्रसिद्ध केला होता. अनेक ठिकाणीं तो वेळेवर बसविला गेला नव्हता, इतकेंच. तो बसविणें हें काम परिचारिकेचें कीं ज्यांच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा आहे त्यांचें? सैन्य वेशीवरून आंत शिरत असतां घरांतल्या सुनांच्या पेट्यांस कुलुपें घालीत बसावें, तशांतला हा प्रकार आहे.

आतां या पासवर्डाच्या मुदतीचीच कथा पाहूं. हा नियम म्हणजे जणूं ब्रह्मवाक्य, अशा थाटांत आमचे व्यवस्थापक तो सांगतात. वस्तुतः अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी प्रमाणसंस्थेंत २००३ च्या सुमारास बिल बर या अधिकाऱ्यानें जी मार्गदर्शिका लिहिली, तिनें चमत्कारिक चिन्हें घातलेल्या आणि वरचेवर बदलणाऱ्या पासवर्डांस प्रतिष्ठा दिली. त्याच बर यांनीं २०१७ सालीं निवृत्तीनंतर, आपण तेव्हां जें सांगितलें त्यांतील पुष्कळशा भागाचा आपणांस पश्चात्ताप होतो, अशी उघड कबुली दिली. आणि 'निस्ट'नेंही त्याच वर्षीं, पासवर्ड फुटल्याचा कांहीं पुरावा नसतां केवळ मुदत संपली म्हणून तो बदलावयास लावूं नये, असा सल्ला प्रसिद्ध केला. २०१९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोजकरितां सुचविलेल्या आपल्या सुरक्षा-नियमांतून मुदतीचें कलम काढून टाकिलें. याचें कारण २०१० मधील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतल्या एका अभ्यासांत स्पष्ट दिसतें. माणूस नवा पासवर्ड म्हणून जुन्याचेंच शेपूट बदलतो. त्यामुळें ज्यास जुना ठाऊक आहे, त्यास शेंकडा १७ खात्यांचा नवा पासवर्ड पांच तर्कांच्या आंत ओळखतां आला! जो नियम त्याच्या कर्त्यानें सोडला, संस्थेनें सोडला, तो आमच्या कचेरींत मात्र अजून नोटिसा काढितो.

याहूनही जुनी एक गोष्ट आहे, ती तर प्रत्येक व्यवस्थापकाच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखी आहे. एका संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची जी पहिली व्यवस्था अमेरिकेंतील एम. आय. टी. येथें झाली, तींत पासवर्ड होते. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या तेथील एका संशोधक विद्यार्थ्यानें सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. कां? त्याच्या वांट्यास आलेले यंत्राचे तास त्याच्या संशोधनास पुरत नव्हते, म्हणून! पासवर्डाच्या चोरीची ही अगदीं आरंभींची कथा, आणि तिचें मूळ कोणाच्या दुष्टपणांत नसून काम करूं पाहणाऱ्यास काम करूं न देण्यांत आहे. १९९९ मध्यें लंडनमधील ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या दोन विदुषींनीं आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकांतच सांगून टाकिलें कीं, यंत्र वापरणारा हा शत्रु नव्हे. पाव शतक उलटलें, तरी हें साधें वाक्य आमच्याकडे येऊन पोहोंचलेलें नाहीं.

मग हे नियम टिकतात कां? आमच्या मतें याचें उत्तर सरळ आहे. नियम करणारास त्याची किंमत द्यावी लागत नाहीं. अर्धा दिवस वायां गेला तर तो लिपिकाचा जातो, तास बुडाला तर तो विद्यार्थ्यांचा बुडतो. नियम करणाराच्या हिशेबीं खर्चाच्या बाजूस शून्य. उलट उद्यां चोरी झालीच, तर 'आम्हीं अमुक बंद केलें होतें, तमुक मना केलें होतें' असा कागद त्यास तपासनिसापुढें ठेवितां येतो. म्हणजे हें कुलूप तिजोरीस घातलेलें नसून, तिजोरी सांभाळणाराच्या अब्रूस घातलेलें आहे.

'मोकळीक दिली तर नोकर दिवसभर क्रिकेट पाहत बसतील,' हा आणखी एक आक्षेप. पाहतील थोडे, पूर्वीं कादंबऱ्या टेबलाच्या खणांत ठेवून वाचीतच होते. परंतु कोणाचें काम झालें आणि कोणाचें राहिलें हें पाहणें वरिष्ठाचें कर्तव्य आहे. तें न करतां साऱ्यांच्याच डोळ्यांस पट्टी बांधणें ही शिस्त नव्हे, आळस आहे.

आमचें मागणें अराजकाचें नाहीं. पासवर्ड लांब असावा, आणि तो फुटल्याचा संशय येईपर्यंत बदलण्याची सक्ती नसावी; महत्त्वाच्या खात्यांस मोबाइलवरील संकेताची दुसरी कडी अवश्य असावी. यंत्रांवरील दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवाव्या आणि कागदपत्रांची निराळी प्रत राखावी. हीं कामें किल्लीवाल्यांचीं आहेत, तीं त्यांनीं करावीं. जें बंद करावयाचें त्याचें कारण लिहून सांगावें, आणि तें उघडण्याच्या अर्जास एका दिवसांत उत्तर द्यावें. दार उघडणारा रजेवर गेला तर त्याच्या जागीं दुसरा असावा. आणि नियम करतेवेळीं ज्यांस त्याखालीं काम करावयाचें, त्यांपैकीं एखाद्या लिपिकास तरी बैठकींत बसवावें.

त्या बाईंनीं नोटिशीस उत्तर दिलें आहे. त्यांत त्यांनीं क्षमा मागितलेली नाहीं. त्या रात्रीं किती अर्ज गेले, एवढाच आंकडा लिहिला आहे. आम्हीं व आमच्या सहा सहकाऱ्यांनीं त्या उत्तराखालीं सह्या केल्या आहेत. निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कांहींही लागो. पुढच्या वर्षीं शेवटच्या दिवशीं पुन्हां एखाद्याचा पासवर्ड अडेल, तेव्हां शेजारच्या टेबलावरून हात पुढें येईल कीं नाहीं, हें मात्र याच निकालावर ठरणार आहे.