दुआ की शिवी?

‘अल्लाह आपको हिदायत दे.’ प्रत्येक नमाजात सूरह फातिहा पढताना आपण हीच तर दुआ मागतो, आणि ती स्वतःला धरून मागतो. पण गेल्या काही वर्षांत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर या दुआचे काय झाले आहे ते पाहा. समोरच्याचे म्हणणे पटले नाही आणि उत्तरही सुचत नाही, की हे वाक्य फेकायचे. खाली जोडलेल्या हातांचे चित्र. अर्थ एवढाच की तू गुमराह आहेस, तुझ्याशी बोलण्यात हशील नाही. सरळ शिवी दिली असती तर निदान तिला शिवी म्हणता तरी आले असते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सर सय्यद अहमद खान यांचा ‘बहस-ओ-तकरार’ हा मजमून उर्दू शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. दोन कुत्री भेटतात, आधी डोळे वटारतात, मग गुरगुरतात, दात दाखवतात आणि शेवटी एकमेकांवर तुटून पडतात. बेतहजीब माणसांची बहसही अशीच चालते, असे सर सय्यद सांगतात. वर्ग या जागी खदखदून हसतो. हसणाऱ्यांचे अब्बा, चाचा रात्री ग्रुपवर काय लिहितात हे मला ठाऊक असल्यामुळे मला हसू येत नाही. शिवाय कुत्री निदान समोरासमोर येतात!

हे लिहिणारा माणूस कोण होता, हेही लक्षात घ्या. 1870 साली ‘तहजीबुल अखलाक’ सुरू केल्यावर त्याच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. त्याने फतव्याला फतव्याने उत्तर दिले नाही, लेख लिहिले. आपण त्याचा धडा पाच मार्कांसाठी पाठ करून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो.

आमच्याकडच्या एका जमातीच्या ग्रुपवर एका तरुणाने विचारले, रमजानमध्ये जमा झालेल्या चंद्याचा हिशेब मिळेल का? आवाज चढवला नव्हता, सलाम करून विचारले होते. पहिले उत्तर ‘हिदायत’चे आले. दुसरे, गीबतच्या गुनाहवर एका मौलानांचे चाळीस मिनिटांचे बयान. तिसऱ्याने विचारले, तुम्ही किती चंदा दिला होता? चौथ्याने त्याच्या मसलकाची चौकशी केली. तासाभरात त्याला ग्रुपमधून काढले, आणि मगरिबनंतर त्याच्या वडिलांना मशिदीच्या पायरीवर अडवून मुलाला समजावण्यास सांगितले. हिशेबाबद्दल मात्र कोणी एक आकडाही लिहिला नाही. आता सांगा, याला मतभेद म्हणायचे का? मतभेद व्हायला समोरच्याचेही एक मत लागते. इथे मत कोणी मांडलेच नाही.

फॉरवर्डचे तेच. स्वतःचे चार शब्द लिहिण्याऐवजी दुसऱ्याची क्लिप आदळायची. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच माणसे ठेचून मारली गेली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. बोटाला मर्यादा घालता येते, डोक्याचे काय?

कोणी म्हणेल, बाई, बाहेर आग लागली आहे आणि तुम्ही घरातली भांडी मोजता. बाहेरची आग मला दिसते. 2012 साली बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते ‘लाइक’ केले म्हणून दुसरीला अटक झाली. ज्या 66 अ कलमाचा यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. भीती रद्द झाली नाही. जून 2023 मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराच्या निमित्ताने जमाव चालून गेला आणि आपला एक तरुण जिवानिशी गेला. शाळेच्या, सोसायटीच्या ग्रुपवर आपला माणूस दहा वेळा लिहून दहा वेळा खोडतो, तो काही भित्रा आहे म्हणून नव्हे. पण म्हणूनच विचारते, बाहेर ज्याची जीभ बांधली आहे त्याला आपल्या माणसांतही बोलता येऊ नये? बाहेरचे आपल्या शब्दांचा स्क्रीनशॉट काढतात म्हणून आपण रडतो. मग तोच स्क्रीनशॉट काढून एखाद्याच्या सासऱ्याला पाठवतो.

बायकांबद्दल तर बोलायलाच नको. तलाकच्या, वारसाहक्काच्या प्रश्नावर एखादीने दोन ओळी लिहिल्या तर तिला उत्तर मिळतच नाही, तिच्या नवऱ्याला फोन जातो. आणि मग हेच लोक जलशात सांगतात की हजरत आयशांकडे सहाबा मसले विचारायला येत असत, आणि एखाद्या रिवायतीत चूक दिसली तर त्या दुरुस्त करत असत. दुरुस्ती ऐकून घेणारे पुरुष त्या काळात होते, हे कोणी सांगत नाही.

ॲडमिन मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते : उद्या केस झाली तर माझ्यावर येईल, म्हणून ‘ओन्ली ॲडमिन’ केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच म्हटले आहे की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. हा निकाल त्यांनी जरूर फॉरवर्ड करावा. शिवीगाळ करणाऱ्याला काढा, अफवा पसरवणाऱ्याला काढा, माझी ना नाही. हिशेब विचारणाऱ्याला, हदीसचा हवाला मागणाऱ्याला, ‘मला हे पटत नाही’ एवढेच लिहिणाऱ्याला कोणत्या कलमाखाली काढता?

यंदा नववीच्या वर्गात मी एक नियम केला आहे. बहसमध्ये बोलण्यापूर्वी आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, त्याने ‘हो, हेच म्हणालो’ असे कबूल केले की मग आपले मांडायचे. मुलींना ते दोन आठवड्यांत जमले. मुलांना थोडा वेळ लागला.