पासपोर्ट हरवतो दुबईत, चौकशी किन्हवलीत

विशेष प्रतिनिधी, ठाणे

परदेशात पासपोर्ट हरवला की धावपळ दुबईत किंवा बँकॉकमध्ये सुरू होते. तिचा शेवट मात्र पुष्कळदा शहापूर तालुक्यातील किन्हवलीसारख्या गावच्या पोलीस ठाण्यात होतो. ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीतील या ठाण्याचा आणि आखातातील भारतीय वाणिज्य दूतावासाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. पण अर्जदाराची खातरजमा करून पासपोर्ट यंत्रणेला सांगण्याचे काम अखेर स्थानिक पोलिसांचेच आहे.

मुळात पासपोर्ट आपल्या मालकीचा नसतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार तो सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असतो. हा कायदाही सरकारने आपखुशीने केलेला नाही. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला आणि दोन-अडीच महिन्यांत संसदेला कायदा करावा लागला. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात, पासपोर्ट जप्त करण्याची पद्धतही न्याय्य असली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे सरकारलाही तो मनमानी पद्धतीने काढून घेता येत नाही. मग आखातातील एखादा मालक कामगाराचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवतो तो कोणत्या अधिकाराने? तेथील कायद्यांनाही हे मान्य नाही. प्रथा मात्र सुटता सुटत नाही. पासपोर्ट 'हरवण्या'च्या कित्येक तक्रारींमागे हेच अडवून ठेवणे असते, हे लक्षात घ्यायला हवे.

हरवल्यानंतरची वाट ठरलेली आहे. आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन दूतावास. तेथे दोन मार्ग असतात. नवा पासपोर्ट मागायचा तर ओळखीची खातरजमा होईपर्यंत थांबावे लागते. तातडी असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते. आखातातील कामगार त्याला 'आउटपास' म्हणतात आणि हा शब्द नेमका आहे. त्यावर फक्त भारतात परतता येते, तेही एकदाच. पर्यटकाची अडचण तेवढ्याने भागते. उरलेली सहल बुडते, इतकेच. युरोपच्या सहलीत पाकीट मारले गेलेले निवृत्त शिक्षक दांपत्य घरी येऊन तो किस्सा वर्षभर सांगू शकते. पण समजा, किन्हवलीचा एखादा तरुण शारजात वेल्डर आहे. आउटपास घेऊन तो परतला, तर व्हिसा, नोकरी आणि थकलेला पगार तिकडेच राहतो. एकाच कागदाने एकाची सुटका होते आणि दुसऱ्याची भाकरी जाते. कमी मुदतीचा पासपोर्ट देण्याची सोय नियमांत आहे. नोकरदारांच्या बाबतीत पहिला विचार तिचाच व्हायला हवा.

खातरजमेला वेळ का लागतो, याचे एक कारण आपल्या नावांत दडले आहे. पासपोर्टच्या अर्जात नावासाठी दोनच रकाने असतात : दिलेले नाव आणि आडनाव. मराठी माणसाचे नाव तीन पदरी. मधले वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घातले जाते किंवा अजिबात गाळले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रूप, आधारवर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे. खुद्द 'किन्हवली' हे नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. लग्नानंतर सासरी नाव बदललेल्या स्त्रीचा गुंता तर विचारूच नये. डिसेंबर २०१६ मध्ये विवाह प्रमाणपत्राची अट शिथिल झाली, तरी जुना पासपोर्ट माहेरच्या आणि इतर कागद सासरच्या नावाचे, ही स्थिती घरोघरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असणाऱ्यांना भेट-व्हिसावर प्रवेश बंद केला आणि लगेच, दुसऱ्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, अशी सवलतही दिली. आपल्याकडे आडनाव असतेच, म्हणून महाराष्ट्राला त्याची झळ कमी बसली. आता मात्र १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्य सरकारच्या निर्णयानुसार, आईचे नावही आले आहे. निर्णय स्वागतार्हच. पण ही चार पदे त्या दोन रकान्यांत कशी बसवायची, हे पालकांना पहिल्याच अर्जाच्या वेळी समजावून सांगणारे कोणी हवे. ग्रामपंचायतीतील जन्मनोंदीची एक चूक वीस वर्षांनी परक्या विमानतळावर उभी राहते.

सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे दलालांची सद्दी बरीच ओसरली. फेब्रुवारी २०१५ पासून 'मदद' या संकेतस्थळावर परदेशातून तक्रार नोंदविता येते. अडकलेल्यांचे तिकीट काढण्यासाठी २००९ पासून दूतावासांकडे कल्याण निधी आहे. एप्रिल २०२४ मध्ये नागपूरसह काही शहरांत चिप बसविलेले ई-पासपोर्ट प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले. मात्र चिपमुळे बनावट पासपोर्टला आळा बसेल. हरवलेला काही परत यायचा नाही. आणि दृष्टी किती बदलली, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. दहावी न झालेल्या कामगारांना आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी घ्यावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्यासाठी नारिंगी रंगाचा पासपोर्ट काढण्याचे घाटत होते. दुय्यम नागरिकत्वाचा शिक्का बसेल, अशी टीका झाल्यावर त्याच महिन्यात तो बेत मागे घेण्यात आला.

आता त्या वेल्डरकडेच परत येऊ. आउटपास विमानतळावरच जमा होतो. मग आसनगावहून लोकल पकडून ठाणे गाठायचे, सेवा केंद्रात अर्ज करायचा. नव्या पासपोर्टला दीड हजार रुपये लागतात, हरवलेल्याच्या बदल्यात तीन हजार. पुढे कागद किन्हवलीच्या ठाण्यात पोहोचतात आणि हवालदार चौकशीला येतो. गेले वर्षभर अर्जदार याच पत्त्यावर राहत होता काय, हा २०१८ पर्यंत त्यांतला एक प्रश्न असे. खरे उत्तर 'नाही, शारजात होता' असे आहे. पण त्याचा पुरावा ज्या पासपोर्टवर होता, तोच तर हरवला आहे.