लाखाची गोष्ट

परवाच्या मीटिंगमध्ये स्पॉन्सर म्हणाला, ''पहिल्याला एक लाख कॅश ठेवा. बॅनर, टी-शर्ट, जेवण सगळं माझ्याकडे लागलं.'' आम्ही सहाही जण खूश! पाच आयटीवाले, एक सीए, आणि सगळ्यांना वीकेंडला पुण्याबाहेरच्या तबेल्यात जाऊन घोडेस्वारी करायचं वेड. डिसेंबरमध्ये 40 किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड भरवायचं आमचं चाललंय. बजेटमध्ये हा भला मोठा खड्डा. सीएने तर लगेच कॅल्क्युलेटर काढला.

मी म्हणालो, ''लाख नको.'' मी इन्क्रिमेंट नाकारल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सांगतो. एन्ड्युरन्स म्हणजे रेसकोर्सवरची डर्बी नव्हे. डोंगरदऱ्यांतून लांबचा पल्ला गाठायचा आणि मध्ये मध्ये डॉक्टर घोडा तपासणार. ठरलेल्या वेळेत नाडी खाली आली पाहिजे. आंतरराष्ट्रीय राइडमध्ये हा आकडा साधारण 64. घोडा लंगडला तर बाद. शेवटची तपासणी पास झाली नाही, तर सगळ्यांत आधी पोचूनही तुम्ही हरलात!

या खेळातलं मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियाचा टेव्हिस कप. आजही घोडा एका दिवसात 100 मैल जाऊ शकतो, हे दाखवायला 1955 मध्ये वेन्डेल रोबी आणि त्यांचे काही साथीदार निघाले, त्यातून ही राइड सुरू झाली. बक्षिसाची रक्कम? शून्य. 24 तासांत धडधाकट घोड्यासह पोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल. पहिल्या दहांत ज्याचा घोडा सगळ्यांत ठणठणीत, त्याला 1964 पासून वेगळा हॅगिन कप. एवढ्यासाठी लोक वर्षभर तयारी करतात, आणि साधारण निम्मेच पोचतात. अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स संघटनेचं ब्रीदच आहे, 'पूर्ण केलं म्हणजे जिंकलं'.

याउलट आखातात. तिथे पैसा आला, गाड्या आल्या आणि सपाट वाळवंटात घोडे सुसाट सुटले. पाय मोडण्याच्या, घोडे दगावण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 2015 मध्ये जागतिक संघटनेने अमिरातीच्या फेडरेशनलाच काही महिने निलंबित केलं. 2016 ची वर्ल्ड चॅम्पियनशिपही दुबईतून स्लोव्हाकियाला हलवली. तिथल्याच बुधीबमध्ये मग ताशी 20 किलोमीटरची वेगमर्यादा घालून राइड भरवल्या गेल्या. म्हणजे पैसा वाईट नाही हो, तो कशासाठी देताय त्यावर सगळं आहे.

पण खरं सांगू? हे सगळं मी नंतर वाचलं. मला शिकवलं ते चांदणीने.

मागच्या एप्रिलमध्ये मित्राशी पाचशे रुपयांची पैज लावून मी तिला भर उन्हात दहा किलोमीटर दामटवलं. जिंकलो. उतरलो तर तिच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या. पाण्याला तोंड लावेना. अर्ध्या तासानंतरही नाडी 70 च्या वर. डॉक्टर आले, रात्री दोनपर्यंत सलाइन चालू होतं. तबेल्यातले मामा तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. एक शब्द बोलले नाहीत मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी चांदणी कडबा खायला लागली. वाचली. ते पाचशे रुपये मी मित्राला परत केले.

पाचशेसाठी मी, म्हणजे स्वतःला घोड्यांचा प्रेमी म्हणवणारा माणूस, असा वागलो. मग लाखासाठी कोण काय करेल?

तर मी मांडलेला हिशेब असा : तपासणीत पास होऊन पोचणाऱ्या प्रत्येकाला सारखंच मेडल. रोख बक्षीस एकच, सगळ्यांत ठणठणीत घोड्याला, आणि त्यातला अर्धा वाटा त्याच्या मोतद्दाराला. उरलेल्या पैशांत दोन जादा डॉक्टर.

स्पॉन्सर म्हणाला, ''पण यात थ्रिल कुठाय?'' आणि लाखावरून चाळीस हजारांवर आला. सीएने पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. डॉक्टर बसतात, मेडल बसतात, जेवणही कसंबसं बसतंय.

टी-शर्ट मात्र कॅन्सल. डिसेंबरमध्ये येणार असाल, तर आपापला घालून या!