संशोधनात रुग्णाचाही शब्द हवा

वैद्यकीय संशोधन हे तज्ज्ञांचे क्षेत्र; रुग्णाने मुकाट्याने उपचार घ्यावेत, ही आपल्याकडील रूढ धारणा. स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र ती जिवावर बेतणारी आहे. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत याचा क्रमांक पहिला. २०२२ च्या अंदाजानुसार वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना त्याने गाठले. गाठ हाताला लागूनही स्त्री कोणत्या भयापोटी गप्प राहते, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. ते तिलाच विचारावे लागते.

अमेरिकेत रुग्ण स्त्रिया व त्यांच्या पाठीराख्यांनी १९९१ मध्ये संघटना उभारली. त्यांच्या रेट्यामुळे तेथील सरकारने २१ कोटी डॉलरचा संशोधन निधी दिला. पुढे हा पैसा कोणत्या प्रकल्पाला द्यावा, हे ठरविणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी रुग्ण स्त्रियाही बसू लागल्या.

परंतु रुग्णाचे ऐकण्याचा धडा केवळ परदेशातूनच घ्यावा, असे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील वसा व अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! सरकारी आरोग्ययंत्रणेचे लक्ष तोवर कुटुंबनियोजनावरच खिळले होते. रुग्णालय कसे असावे, हेही आदिवासींनाच विचारले गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत झालेल्या स्थानिक स्त्रियांच्या हातून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

स्तनाच्या कर्करोगातही असा पुरावा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या साध्या हाततपासणीने रोग लवकर लक्षात आला. सर्व वयोगट मिळून मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. मात्र पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात.

सामान्य स्त्रीला विज्ञान काय कळणार, असा आक्षेप घेतला जाईल. तिने रेणूंचे गणित सोडवावे, अशी अपेक्षाच नाही. परंतु भामरागडची स्त्री तपासणीला का येत नाही, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या किरणोपचाराच्या काळात तिची मजुरी कोण भरून देणार, घरची लेकरे कोण सांभाळणार, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

टाटा ट्रस्टच्या सहभागातून चंद्रपुरात कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. तेथे होणाऱ्या प्रत्येक संशोधनाच्या समितीवर रोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया व गावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांना मताचा अधिकार असावा. चर्चा मराठीबरोबरच गोंडी व माडियातूनही व्हावी आणि निष्कर्ष प्रथम त्या गावांना सांगितले जावेत. ज्यांच्या देहावर ज्ञान उभे राहते, त्यांना त्या ज्ञानाच्या दारात तिष्ठत ठेवणे न्याय्य नव्हे.