भीती कुणाच्या हातात?

मागच्या हिवाळ्यात माझी अम्मी गुडघ्याचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहायला आली. फजरच्या आधी ती वजूसाठी उठायची आणि तिच्या काठीची टकटक घरभर ऐकू यायची. दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की तो आवाज आला की माझा सात वर्षांचा धाकटा रजईत तोंड खुपसून गोळा होऊन पडतो. दिवसाही तो नानीच्या खोलीत जाईना. नानीने शिऱ्याची वाटी पुढे केली तरी दारातूनच पळायचा. अम्मी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "म्हातारी माणसं मुलांना नकोशी होतात, बेटा." त्या रात्री मला झोप लागली नाही.

चार दिवसांनी त्यानेच रडत सांगितलं. मोबाइलवर 'ग्रॅनी' नावाचा गेम आहे. त्यात एक म्हातारी घरात कोंडून ठेवते आणि दांडकं घेऊन शोधत फिरते. गल्लीतली मोठी मुलं तो खेळायची आणि हा त्यांच्या खांद्यावरून बघायचा. पुढे अब्बांच्या मोबाइलवर त्याच गेमचे व्हिडिओ बघायला लागला. खेळणारा किंचाळतो, म्हातारी एकदम पडद्यावर येते, असे व्हिडिओ. त्यात नानीची काठी येऊन मिळाली.

मी फर्मान काढलं, या घरात भुताखेताचा एकही गेम चालणार नाही. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि असले गेम आवडीने खेळतो. म्हणाला, "आपा, भीती वाईट नसते. ती कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. त्याने गेम खेळलाच नाही, नुसता भ्यायला." मला ते पटलं नाही. तेव्हा तो म्हणाला, "तीन रात्री माझ्याशेजारी बस, मग बोल." मुलं झोपल्यावर मी बसले.

पहिल्या रात्री त्याने 'ग्रॅनी'च लावला. 2017 साली आलेला हा साधाच मोबाइल गेम. बंद घरातून बाहेर पडायला पाच दिवस मिळतात. म्हातारीने पकडलं की एक दिवस गेला. किल्ल्या आणि हत्यारं घरात विखुरलेली असतात आणि त्यांच्या जागा दर खेळात बदलतात. म्हातारीचे कान तिखट. हातातली वस्तू खाली पडली की ती आवाजाच्या दिशेने येते. भावाने मुद्दाम एका खोलीत वस्तू टाकली आणि ती तिकडे गेल्यावर दुसऱ्या बाजूने निसटला. मी बघत राहिले. यात डोकं चालवावं लागतं, पावलं जपून टाकावी लागतात, कुठली वस्तू कुठे दिसली होती ते लक्षात ठेवावं लागतं. माझ्या मुलापर्यंत यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. त्याच्या वाट्याला फक्त किंकाळी आली होती.

दुसऱ्या रात्री त्याने मला या प्रकारातल्या गाजलेल्या गेमची गोष्ट सांगितली. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1996 मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' काढला. शिंजी मिकामी त्याचे दिग्दर्शक. एक जुना वाडा, त्यात चालती-फिरती प्रेतं. असं ऐकलं की वाटतं, दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. पण गोळ्या मोजक्याच मिळतात. दोन पात्रांपैकी ख्रिसकडे सहा वस्तू मावतात, जिलकडे आठ. बंदूक घ्यायची, औषधी पाला घ्यायचा की पुढच्या दाराची किल्ली, हे दर वेळी ठरवावं लागतं. खेळ कुठवर आला ते जपून ठेवायला टाइपरायटर शोधावा लागतो आणि त्याला लागणारी शाईची फीतही मोजकीच असते. म्हणून शहाणा खेळाडू प्रत्येक प्रेतावर गोळी झाडत नाही. काहींना चुकवून जातो आणि गोळी उद्यासाठी ठेवतो.

मला हसू आलं. महिनाअखेरीला आपण घरात हेच तर करतो. डब्यात तेल किती, गॅस किती दिवस पुरेल, पाहुणे आले तर काय करायचं? तुटपुंज्या सामानात निभावण्याची ही अक्कल त्या वाड्यात कामाला येते. प्रेतं काढून घेतली तरी तो खेळ चांगलाच राहील. आणि खेळ काढून घेतला तर उरतील फक्त प्रेतं.

मग त्याने 'एलियन: आयसोलेशन' लावला. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने तो 2014 मध्ये काढला. अमांडा नावाची मुलगी हरवलेल्या आईचा माग काढत एका अवकाश स्थानकावर येते आणि तिथे एक परग्रहावरचा प्राणी शिकार करत फिरत असतो. हा प्राणी आखून दिलेल्या वाटेने चालत नाही. भावाने त्याची यंत्रणा समजावली. आत दोन डोकी काम करतात. एकाला खेळाडू कुठे आहे ते ठाऊक असतं, पण ते प्राण्याला अधूनमधून फक्त इशारा देतं. दुसरं डोकं खुद्द प्राण्याचं. ते डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून शोधतं. त्यामुळे पाठांतर उपयोगाचं नाही. अमांडाच्या हातात हालचाल टिपणारं यंत्र असतं, पण प्राणी जवळ असला तर त्या यंत्राचा आवाज त्यालाही ऐकू जातो. माहिती हवी तर धोका पत्करा, असा हिशेब. कपाटात लपून श्वास रोखलेल्या भावाबरोबर मीही श्वास रोखला होता, हे कबूल करते.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. हे दोन्ही गेम मोठ्या माणसांसाठी आहेत. गेम कितीही कसदार असला तरी वय चुकलं की सगळं चुकलं. घरी शिजवलेली बिर्याणी म्हणून कुणी ती सहा महिन्यांच्या बाळाला भरवत नाही.

तिसऱ्या रात्री त्याने 'सबनॉटिका' लावला आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीलाही बसवलं. 2018 मध्ये पूर्ण झालेल्या या अमेरिकन गेमला तिथे दहा वर्षांवरच्या मुलांसाठीचा शिक्का आहे. यान कोसळतं आणि तुम्ही परग्रहावरच्या समुद्रात एकटे पडता. सुरुवातीला श्वास पुरतो फक्त 45 सेकंद. तेवढ्यात बुडी मारायची, धातू आणायचा, मासा पकडायचा, वर यायचं. मग प्राणवायूची टाकी बनवायची आणि आणखी खोल जायचं. खोल गेलं की अंधार, आणि अंधारातून कुठल्याशा अजस्र प्राण्याची आरोळी. हातात बंदूक नाही. अमेरिकेत 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी आपल्या गेममध्ये बंदूक ठेवायची नाही असं ठरवलं. त्यामुळे आरोळी ऐकू आली की मारायचं कसं हा विचारच येत नाही. वाट कुठून काढायची, परतायचं कधी, पुढच्या बुडीला काय तयारी हवी, हेच सुचतं.

मुलगी तासभर खेळली. दोनदा घाबरून ओरडली. झोपायला जाताना मात्र मला सांगत होती, "अम्मी, मी आधी दिवे बनवणार, मग त्या गुहेत जाणार."

तिथे मला भावाच्या बोलण्याचा अर्थ कळला. भगिनींनो, तुमच्या घरातही मोबाइल आहे आणि सगळेच गेम बंद करणं कुणालाच जमलेलं नाही. म्हणून मी आता एक साधी परीक्षा घेते. गेम बंद केल्यावर मूल काय सांगतं ते ऐकते. "मी असं केलं, उद्या तसं करणार" असं म्हणालं, तर भीती त्याच्या हातात आहे. "ती आली, तिने पकडलं, ती परत येईल" असं म्हणालं, तर मूल भीतीच्या हातात आहे. मग गेम चांगला की वाईट हा वाद घालत न बसता तो बाजूला ठेवते.

बाकी दोन गोष्टी. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमला 3+, 7+, 12+, 16+, 18+ यांपैकी एक आकडा दिलेला असतो. तो बघितल्याशिवाय गेम उतरवू देऊ नका. आणि आकडा फक्त गेमला असतो, त्याच गेमच्या व्हिडिओला कुणी लावत नाही. लहान मुलं बहुधा व्हिडिओतूनच घाबरतात, कारण तिथे धावायला, लपायला, थांबायला त्यांच्या हातात काहीच नसतं. "खेळत नाही, नुसतं बघतोय" हे ऐकून आपण निर्धास्त होतो. मीही झाले होते.

धाकट्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी अम्मीला सगळं सांगितलं. आपली किळस येत नाही, एका गेममधल्या म्हातारीची भीती आहे, हे कळल्यावर तिचा चेहराच उजळला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला दारातूनच विचारलं, "ती तुझी म्हातारी शोधते कशी रे?"

"तिला सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "चमचा पडला तरी येते."

"मग ती मी नव्हे," अम्मी म्हणाली. "मला तर तुझ्या अम्मीने घातलेली हाकही ऐकू येत नाही."

त्याने थोडा वेळ विचार केला. मग स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली, नानीच्या पाठीमागे उभा राहिला आणि फरशीवर टाकली. मी आतून दचकले. नानी तसबीह फिरवत तशीच बसून राहिली. तो वाटी उचलून हळूच तिच्या पलंगावर चढून बसला.

अम्मीने वाटी ऐकली होती की नव्हती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.